दीपगृहाचं नाणं आणि वाळत घातलेला सदरा

टांकसाळीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. डोळ्याला भिंग लावून बसायची इतकी सवय, की घरी जेवायला बसले तरी ते कपाळावर असायचंच. बायको म्हणायची, उतरवा ते, भाजीत काही कोरायचं नाहीये. आयुष्यभर काकांनी स्मारक नाणी घडवली आणि ती सगळी मखमली डब्यांत जाऊन बसली. या डब्यांवर त्यांचा मनापासून राग होता. नाणं म्हणजे हातोहात फिरलं पाहिजे, खिशात किल्ल्यांशी भांडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून बंदरावरच्या दीपगृहाच्या शताब्दीचं नाणं डबीत नाही, रोजच्या व्यवहारात आणायचं ठरलं आणि निवृत्तीच्या तोंडावर ते काम काकांकडे आलं, तेव्हा स्वारी हवेतच होती. कुणा परक्या माणसानं आपलं नाणं सुट्ट्या पैशांत आपल्याच हातावर ठेवावं, एवढी एकच इच्छा होती बिचाऱ्यांची.

नाण्याचा नमुना आधी प्लास्टरमध्ये घडवतात, चांगला जेवणाच्या ताटाएवढा. मग यंत्र तो लहान करून पोलादी ठशावर उतरवतं. काकांनी त्या ताटात जीव ओतला. दीपगृह झालं, लाटा झाल्या, आणि शेजारी दोरीवर दिवेवाल्याचा सदरा वाळत घातला. दिवा सांभाळणारा माणूस कपडे धूत असेलच की. सदऱ्याला बटणंसुद्धा होती. उरलेल्या जागेत त्यांनी पाचाचा आकडा बसवला.

घरी येऊन त्यांनी बायकोला फोनवर फोटो दाखवला. तिनं फोन लांब धरून बघितला.

"सदरा झकास आहे," ती म्हणाली, "पण अहो, आकडा कुठंय?"

चष्मा लाव, असं सांगून काका मोकळे झाले.

नाणं निघालं. काका ऐटीत कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले, पाव घेतला आणि बेकरीवालीपुढे ते ठेवलं. तिनं ते उलटंपालटं केलं.

"आकडा कुठंय? खेळण्यातलं दिसतंय. हे नाही चालायचं."

काकांनी घसा खाकरून सांगितलं, की हे मीच घडवलंय. मग घरी अजून असतील, तीपण तिकडेच ठेवा, असं ती म्हणाली आणि पाव परत आत ठेवला.

काकांनी तिथेच भिंग लावलं. पाच होता, पण साखरेच्या दाण्याएवढा. ताटावर अंगठ्याएवढा दिसणारा आकडा नाण्यावर किती उरेल, हे बघायचंच राहून गेलं होतं. इतकी वर्षं या कामात घालवून असं व्हावं, याची त्यांना फार लाज वाटली.

पुढे बसवाल्यांनी, औषधवाल्यांनीही हात वर केले. नाणी पोत्यांनी परत यायला लागली आणि साहेब म्हणाले, बंदच करू. काकांनी एक संधी मागितली. मोठ्या आकड्याला जागा हवी, तर काहीतरी जायलाच हवं. दीपगृह काढता येत नव्हतं, लाटा सरकत नव्हत्या. शेवटी काकांनी स्वतःच्या हातानं सदरा खरवडला, एकेक बटण करून. डोळ्यांत पाणी आलं, ते प्लास्टरच्या धुळीमुळे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

निवृत्तीनंतर एका सकाळी ते त्याच बेकरीत उभे होते. बेकरीवाली भट्टीवरच्या माणसावर तोंडसुख घेत होती. तसंच बोलता बोलता, खाली न बघता, तिनं सुटे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यात दीपगृह होतं. टोक जरा झिजलेलं, लाटांवर एक ओरखडा. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. काकांना इतका आनंद झाला, की पाव तिथेच विसरून ते घरी आले.

बायकोनं नाणं लांब धरलं.

"आकडा दिसतोय हं. पण सदरा कुठंय?"

"वाळला. घेतला आत."

ती नाणं पदरानं पुसून कपाटाकडे निघाली, तसा काकांनी हात पुढे केला.

"दे इकडे. पाव आणायचाय."