वायर काढलेला स्पीकर

इथं ग्रुपवर रेकॉर्ड प्लेअर बरा की सीडी, यावर आपली एवढी भांडणं चालतात म्हणून आज हे लिहायला बसलोय. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान होतं. आवाज आला तर का आला आणि नाही आला तर कुठं अडला, हे शोधण्यावरच माझं घर चालायचं. पण २००१ सालच्या एका रविवारी दुपारी जे ऐकलं, ते कुठल्याच सर्किटमध्ये बसत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिटायर्ड गुरुजी राहायचे. जुन्या भावगीतांच्या रेकॉर्डी त्यांनी नोकरीभर जमवलेल्या. दर रविवारी जेवण झालं की मी त्यांच्याकडे जायचो. मी सीडीवाला, ते रेकॉर्डवाले. गाणं एक, पण भांडण तासभर.

"दिलीप, तुझ्या सीडीत आवाज स्वच्छ असतो रे, पण धुतलेल्या भांड्यासारखा," गुरुजी म्हणायचे. "रेकॉर्डमध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो."

"श्वास न्हाई गुरुजी, ती खरखर आहे. सुई बदला."

त्या रविवारी त्यांचा डावा स्पीकर बंद पडला होता. मी तो मोकळा करून बघत होतो. ॲम्प्लिफायरपासून त्याची वायर दोन्ही बाजूंनी काढून माझ्या मांडीवर घेतलेली, स्पीकर भिंतीला टेकवून ठेवलेला. उजव्या स्पीकरवर रेकॉर्ड चालू होती. ती संपली, गुरुजींनी सुई उचलली, ॲम्प्लिफायर बंद केला.

आणि डाव्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला.

बारीक, पण सरळ. साथ नाही, संगीत नाही. जात्यावर म्हणतात तशी ओवी…

उतरणीची गं वाट, लेकी जपून टाक पाय…

पुढचे शब्द नीट कळले नाहीत. पुन्हा पहिलीच ओळ. गुरुजी हसून म्हणाले, "बघ! झाला की चालू!" मी मांडीवरची वायर वर धरली. त्यांचं हसू तिथंच थांबलं.

मी वाकून स्पीकरच्या पडद्याला बोट लावलं. पडदा थरथरत होता… अगदी गाण्याच्या चालीत. हे मी आजही शपथेवर सांगेन.

तेवढ्यात काकी, म्हणजे गुरुजींच्या मिसेस, आतून आल्या. हाताला पीठ तसंच. दारात उभ्या राहून त्यांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, "आमची सिंधू गातीय."

सिंधू म्हणजे काकींची धाकटी बहीण. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीवर एकटी राहायची. भाताचं एक खाचर, मुलगा मुंबईला. आणि चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन होऊन तिचा आवाज पूर्ण गेला होता. पाटीवर लिहून बोलायची ती.

आवाज थांबला. काकींनी चुलीवरचा तवा उतरवला, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "दिलीपभाऊ, गाडी काढा."

"अगं, आपण काय ऐकलं तेच माहीत नाही…" गुरुजी म्हणाले.

"मला ठाव हाय. माझी भन हाय ती. तुमी येऊ नका, पर मला अडवू बी नका."

मी मोटरसायकल काढली. घोडेगाव, डिंभे… दोन तास लागले. वाडीवर पोचलो तर सिंधूमावशीच्या दाराला बाहेरून कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुमच्याकडंच तर आली न्हवं ती? कालच निघाली सकाळची. पिशवीत तांदूळ व्हतं तुमच्यासाठी."

जुन्नरला ती पोचलीच नव्हती… आणि कुणी शोधणारही नव्हतं. वाडीला वाटलं ती बहिणीकडे आहे, बहिणीला वाटलं ती घरी आहे.

"एसटी कुठं धरती ती?" मी विचारलं.

"खालच्या फाट्यावर. सडकेनं जाती, न्हाईतर उतरणीनं," म्हातारी म्हणाली.

उतरणीनं… काकींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वाडीतले चौघं बरोबर घेऊन आम्ही त्या पायवाटेनं उतरलो. अर्ध्या वाटेवर घळ होती. तिच्या तळाशी करवंदीच्या जाळीत तांदळाची पिशवी फाटून पडलेली, आणि तिच्यापलीकडे मावशी. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ काळेनिळे. रात्रभर थंडीत पडून होती. वरून माणसं गेली तरी तिला हाक मारता येत नव्हती. पण श्वास चालू होता.

घोंगडीच्या झोळीतून वर आणली. घोडेगावला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र निघाली नसती.

मावशी वाचली. मी नंतर तो स्पीकर दहा वेळा तपासला. त्याची कॉइल जळालेली होती. वायर जोडली असती तरी तो वाजला नसता. रेडिओ स्टेशन पकडलं म्हणावं तर तिथं पकडणारंच काही नव्हतं. गल्लीत कुणी गात होतं का, घरोघर विचारलं. कुणी नाही.

आठवड्यानं मी दवाखान्यात गेलो तेव्हा मावशी उठून बसली होती. काकी शेजारी केस विंचरत होत्या. मी भीतभीत विचारलं, "मावशी, तिथं पडल्यावर तुम्ही मनात गात होता का?" आणि ती ओळ म्हणून दाखवली.

तिनं नकारार्थी मान हलवली. पाटी घेऊन सावकाश लिहिलं, "मला शुद्ध नव्हती. ही ओवी मला येत नाही. ही आईची. माझा आवाज आईवर गेला होता."

आई जाऊन त्यांना तीस वर्षं झाली होती.

काकींनी पाटी वाचली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "न्हाई. मी वळखते. तूच व्हतीस."

मावशी हसली आणि पुन्हा मान हलवली. दोघींचं यावर कधीच एकमत झालं नाही.