तालुके वेगळे झालेली भाकरी

रुक्मिणमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला, चहाचं आधण ठेवून उभी होते. त्यांचा मुलगा बाळू एवढंच बोलला, "आक्का, माय गेली..." मी गॅस बंद केला आणि ज्वारीच्या पिठाचा डबा काढला. यजमानांना वाटलं, धक्क्यानं हिचं डोकं फिरलं. "मुरूमला जायचंय ना? पीठ कशाला?"

मुरूमला माझ्या वडिलांची आडत होती. मावशी तिथं धान्य निवडायच्या, त्यांचे यजमान तुकारामकाका पोती वाहायचे. मी बारावीत पोचले तरी मला चहासुद्धा येत नव्हता. घरात कुणी वारलं की मला आजोळी धाडायचे. त्यामुळं मरण म्हणजे शाळेला सुट्टी आणि मामीच्या हातचे लाडू, अशी माझी समजूत. मग एका दुपारी तुकारामकाकांनी पोतं खाली ठेवलं, आणि ते उठलेच नाहीत. त्या गडबडीत मला आजोळी धाडायचं राहून गेलं. मी मावशींच्या दाराशी गेले. चादरीबाहेर काकांची पावलं होती. टाचांच्या भेगांत आमच्याच आडतीतला भुसा... लहानपणी याच माणसाच्या पाठीवर बसून मी पोत्यांच्या थप्पीवर चढायची. पाठीवर बसलं की खालचे पाय दिसत नाहीत.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. सोयरे, शेजारी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी नेतात. आईला विचारलं, "आपण काय न्यायचं?"

"शिधा धाडलाय की. पीठ, डाळ, तेल."

"पण त्यांची चूल बंद आहे ना?"

"त्यांच्याकडं शिधाच धाडत्यात गं. भाकरी बरोबरीच्या घरी."

मी काही क्रांती करायला उठले नव्हते; मला नुसता राग आला होता. मी परात पुढ्यात ओढली. थापलेली भाकरी उचलली की जिल्ह्याच्या नकाशासारखे तिचे तालुके वेगळे व्हायचे... उमरगा माझ्या हातात, लोहारा परातीत. "लोक हसतील," आई म्हणाली. "हसू दे." जमल्या तेवढ्या फडक्यात बांधल्या आणि भर बाजारातून, वडिलांच्या दुकानासमोरून नेल्या. त्यांनी बघितलं.

मावशींच्या घरात बायका माझ्या हातातल्या फडक्याकडं बघायला लागल्या. मावशींची नणंद कुजबुजली, "मालकाच्या घरची भाकर! मालकाला कळलं म्हंजी?" मी फडकं मागं घेतलं नाही. मावशींनी ते सोडलं, तुकडा मोडून चावला.

"कच्ची हाय की गं बया. तूच केलीस?"

"व्हय."

"तरीच!" म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. दुसरा घासही त्यांनी त्याच भाकरीचा घेतला.

पुढं त्यांनीच मला भाकरी शिकवली, "लोण्याचे हात" म्हणून टोमणे मारत. वडील गेले तेव्हा त्या भाकरी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. बायका एकमेकींकडं बघत असताना आई पुढं झाली आणि पहिला घास तिनं घेतला.

म्हणून फोन आला त्या दिवशी मी भाकरी घेऊनच मुरूमला गेले. मावशींचं दिवसकार्य झाल्यावर बाळूच्या बायकोनं त्यांची भाकरी थापायची लाकडी काठवट माझ्या हातात दिली. माझ्या ओट्यावर ती डुगडुगते. परवा आमच्या सोसायटीत झाडायला येणाऱ्या शांताबाईंची सासू गेली. ग्रुपवर लगेच वर्गणीचं सुरू झालं. मी वर्गणी दिली, आणि काठवट खाली काढली. कॉलेजातली लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, मीपण येऊ?"

"ये. आधी हात धू."