हिरव्या पानाची टाकी

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर अमृतरावांचं गाड्यांचे एसी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याला लागून माझं झेरॉक्सचं. एवढा हेकट माणूस मी पाहिला नाही. बाकीचे मिस्त्री नळी सैल करून जुना गॅस सरळ हवेत सोडतात. हे मात्र मशीन लावून तो टाकीत ओढून घेणार, गिऱ्हाईक अर्धा तास ताटकळलं तरी बेहत्तर. वर उपदेश ठरलेला. आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा, डिझेल वाचतं. हवेत सोडलेल्या गॅसनं आभाळ तापतं म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मेहुणा शिवकुमार दुकानात आला. गॅस आणायचं आणि भरायचं काम त्यानं घेतलं. लातूरहून तो हिरव्या पानाचं चित्र असलेल्या टाक्या आणू लागला. आभाळ न तापवणारा नवा गॅस आहे, थोड्या गॅसात जास्त गार करतो, असं त्यानं सांगितलं. गाड्या खरंच गार पडायच्या. अमृतरावांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. कुणी शंका काढली, की ते गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून गॅस चोख असल्याचं शपथेवर सांगायचे. टाकी त्यांनी एकदाही तपासली नाही. शिवकुमारच्याही गळ्यात लिंग, त्यात घरचा माणूस. त्याचं काय तपासायचं?

यंदा चैत्रात किल्लारीच्या नर्स मंजुश्रीताई आल्या. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी झोपली होती. एसी लावला की गाडीत स्वयंपाकघरासारखा वास येतो, म्हणाल्या. अमृतरावांनी आत डोकं घातलं आणि आधी किल्ली काढून घेतली, मग मुलीला बाहेर आणायला लावलं. आतली कॉईल गळत होती. हिरव्या पानाच्या टाकीतून एसीत भरलेला गॅस घरगुती सिलिंडरचा होता. एक ठिणगी पुरली असती.

शिवकुमारनं नाकारलं नाही.

"दाजी, ह्यानं आभाळ तापत न्हाई, हे खरंच हाय. पेटतो का, ते तुम्ही इचारलं न्हाई. आन् आण तुम्ही घेतली, मी कुठं घेतली?"

मला तिथंच त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.  ज्या गोष्टीवर अमृतरावांचा जीव, तीच पुढं करून घरच्यानं केसानं गळा कापला होता.

दुसऱ्या दिवसापासून ते एकेका गिऱ्हाइकाला फोन करू लागले. गाडी वापरू नका, मी येऊन गॅस काढतो. बरेच जण मानेनात. भर उन्हाळ्यात गार चाललेला एसी कोण रिकामा करून घेईल? अर्धापूरचे केळीचे व्यापारी सटवाजी तर चिडलेच. फोन स्पीकरवर होता.

"अमृतराव, तवा लिंगाला हात लावून ग्यास चांगला हाय म्हणलात. मी लेकरं त्याच गाडीत नेऊन राहिलो. आता म्हणता पेटंल. तुमचं कोणतं खरं धरू?"



"माझं कायबी खरं धरू नका," अमृतराव म्हणाले. "मी येईस्तोवर लेकरं तेवढी गाडीत बसवू नका."