दुभाषी बाईंचा मदरबोर्ड

बाईंना नवऱ्याच्या हुशारीचा वीट आला होता. नुसता वीट नाही, चक्क शिसारी! चहाचा कप घेऊन तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि घसा खाकरून बोलायला लागला, की बाई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

कारण तो कॉम्प्युटर त्याचा खेळ होता आणि बाईंचं काम. ऐकू न येणारी माणसं दवाखान्यात गेली, की तिथल्या पडद्यावर बाई घरबसल्या दिसायच्या. डॉक्टर बोलले ते बाई खुणांच्या भाषेत सांगायच्या, आणि पेशंटच्या खुणा डॉक्टरांना बोलून दाखवायच्या. घरातलं यंत्र बंद पडलं, तर तिकडे एक माणूस डॉक्टरांपुढे मुका-बहिरा होऊन बसणार. इतकं साधं आहे हे. शेंबड्या पोरालाही कळेल.

जुना मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे बाकी सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, एके दिवशी जळाला. दोघं दुकानात गेले. दुकानदाराने दोन बोर्ड पुढे ठेवले. एक साधा, ऑफिसांत बसवतात तसला. त्यात फेरफार करायला फारशी जागाच नाही. दुसऱ्याच्या कडेने रंगीत दिवे, आणि आत स्पीड वाढवायच्या सेटिंगची ही भलीमोठी जंत्री!

"हा साधा द्या," बाई म्हणाल्या. "चालत राहिला म्हणजे झालं."

"अगं, बैलगाडी आहे ती! हिच्यात काही करताच येत नाही."

"म्हणूनच घेतात लोक," दुकानदार पुटपुटला. पण महागड्या मालाचं गिऱ्हाईक कोण सोडतंय? त्याने दिव्यांचा बोर्ड बांधून दिला. दुकानात तमाशा नको म्हणून बाईंनी पैसे मोजले.

मग घरात जे सुरू झालं ते काय सांगावं! टेबलावर स्क्रू, कीबोर्डमध्ये बिस्किटांचा चुरा, आणि ज्या स्क्रूड्रायव्हरने पेटी उघडायची त्यानेच कान खाजवायचा. आज मेमरी पळवली, उद्या व्होल्टेज वाढवलं, आणि वाढलेला आकडा फोन करून मेव्हण्याला ऐकवला. यंत्र मध्येच गोठलं तर म्हणायचा, "होणारच तसं. सवय व्हायला वेळ लागतो त्याला."

"चुलीत घाला तुमचा स्पीड," बाई म्हणाल्या. "माझं काम असेल त्या दिवशी याला हात लावायचा नाही."

"नाही लावत गं बाई! किती तो संशय!"

त्याच सुमारास एक पहिलटकरीण बाईंकडे यायची, म्हणजे पडद्यावर. जन्मापासून ऐकू न येणारी, विशीतली पोरगी. दर तपासणीला हटकून बाईच मागायची, आणि बाळंतपणाला तुम्हीच हव्यात असं तिने बजावून ठेवलं होतं. तो दिवस आला. पोरगी पलंगावर घामाघूम झाली होती, डोळे पडद्याला लावून होती. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "बाळाचे ठोके कमी झालेत, पण घाबरू नका. ऑपरेशन करून लगेच बाहेर काढतो." बाईंनी हात उचलले, बाळाचे ठोके कमी झालेत एवढं सांगितलं, आणि यंत्र गोठलं.

बाईंनी बटणं दाबली, वायर हलवल्या, देवाचा धावा केला. आवाज ऐकून नवरा आला.

"हँग झाला? अरेच्चा! सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा जरासा स्पीड दिला होता मेमरीला. पण आकडा काय आला माहितीये?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते लाडिक कौतुक बघून रागाच्याही वर किळस आली. या माणसाच्या ताटाशेजारी आपण रोज जेवतो, असं वाटून, यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत त्यांनी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. पुन्हा संपर्क झाला तोवर पोरीला आत नेलं होतं. त्याच पावली बाई दुकानात गेल्या, साधा बोर्ड घेतला, आणि दुकानदारालाच घरी आणून बसवून घेतला. नवरा त्या बोर्डाला डबडं म्हणाला.

पुढे टाके दाखवायला ती पोरगी दवाखान्यात आली, तेव्हा मांडीवर बाळ होतं. चांगलं गुटगुटीत. डॉक्टर बाहेर गेल्यावर तिने हात हलवले. त्या दिवसाबद्दल विचारलेलं बघून बाईंचा चेहरा उतरला. ज्याच्यामुळे ते झालं तो इथेच, घरात आहे, बोलावू का, असं त्यांनी विचारलं. पोरीने मान डोलावली.

"अहो, इकडे या. बसा. ती विचारतेय."

दुभाष्याने आपलं काही घालायचं नसतं. पेशंट 'मी' म्हणाला, तर आपणही 'मी'च म्हणायचं, आणि आपल्यालाच 'तुम्ही' म्हणाला तरी 'तुम्ही'च. बाई पोरीच्या हातांकडे बघत बोलू लागल्या. "मला ढकलत नेत होते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. बाळाचे ठोके कमी झाले एवढंच सांगून तुम्ही गेलात. मला वाटलं, बाळ गेलं. शुद्धीवर येऊन त्याला बघेपर्यंत मला तेच वाटत होतं. तुम्ही का गेलात?"

नवरा खुर्चीत चुळबुळला. "अगं, सांग ना तिला काहीतरी. तांत्रिक अडचण होती म्हण."

बाईंचे हात चालले.

"काय सांगितलंस?"

"तुम्ही बोललात ते. अगं, सांग ना तिला काहीतरी, तांत्रिक अडचण होती म्हण. जसंच्या तसं."

पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे... मी जरा स्पीड वाढवला होता," तो म्हणाला. बाईंनी ते सांगितलं. पोरीने एकच खूण केली.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

त्याने बाईंकडे पाहिलं, मग पडद्यावर पोरीच्या मांडीवरच्या बाळाकडे.

"असंच," तो म्हणाला.

बाईंनी तेही तिला सांगितलं.