जनाअक्काचा उजवा हात

बांगड्या भरताना जनाअक्का हाताकडे कधी बघायचीच नाही. साक्रीत आमच्या शेजारी राहणारी ही कासारीण बाईचा पंजा हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि अंगठ्यामागचं हाड हळूच दाबत बांगडी चढवायची. "हात ढिला सोड, माय. हात घाबरना का बांगडी फुटस," म्हणायची. आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी बायका तिला नुसत्या स्पर्शाने ओळखू यायच्या.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिला जुलाब-उलट्यांनी गाठलं. तिचा मुलगा प्रल्हाद आणि मी तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. मी शाळेत शिकवायचे. सुट्टी होती म्हणून दिवसभर तिच्याजवळ बसले. उजव्या हाताला सलाईन लावलं होतं. दुपारपर्यंत तो हात कोपरापर्यंत टम्म फुगला. सुई शिरेतून निसटली होती आणि पाणी मांसात उतरत होतं. कंपाउंडरने सुई काढली. "शेका, उतरेल सूज," म्हणाला.

प्रल्हाद लगेच धुळ्याला न्यायचं म्हणत होता. मीच म्हणाले, "ते सांगतायत ना, थांबू या."

सूज उतरली नाही. बांगड्या मांसात रुतल्या, तेव्हा त्या मी एकेक करून फोडल्या. अक्का स्वतःच्या बोटांकडे परक्यासारखी बघत होती. "माय, हाऊ हात मना नही. कोना शे हाऊ?"

तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली. धुळ्याच्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "फार उशीर केलात." कोपराखालून हात काढावा लागला. कापडात गुंडाळलेला तो हात प्रल्हादच्या ताब्यात दिला. त्याने त्याचं काय केलं, ते कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर अक्काला नसलेली बोटं दुखू लागली. असं होतं, मेंदूला सवय असते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण अक्का म्हणायची, "बोटेसमा रेती शे. टोचस."

भादव्यात एका दुपारी आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. अक्काने एकदम खांदा आखडून घेतला. "पानी! मना हातले पानी लागी ऱ्हायनं." मग तिने प्रल्हादकडे पाहिलं. "खरं सांग, भाऊ. तू मना हात कोठे ठेवा?"

प्रल्हादने हातातली शेंग खाली ठेवली. "पांझराना काठले," तो पुटपुटला. "वाळूमा."

संध्याकाळी धुळ्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं, दुपारपासून पांझरेला पूर आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. प्रल्हादने पुलावरून बोट दाखवलं. तिथे काठ नव्हताच. गढूळ पाणी घुमत चाललं होतं. तो रडू लागला. माझ्याही तोंडून निघून गेलं, "अक्का, मीच थांबवलं होतं त्याला."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी जागी व्हतू." एवढंच. रागावली नाही, आणि समजूतही घातली नाही.

परतताना ती खिडकीशी शांत बसली होती. मी भीत भीत विचारलं, "दुखतोय का गं?"

"नही वं." तिने रिकाम्या बाहीकडे पाहिलं. "कोनीतरी धरेल शे."

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. तो हात पुन्हा दुखला नाही. कोणी धरलाय, ते तिने सांगितलं नाही, आणि मला कधी विचारवलं नाही.