परत न मिळणारे स्मरणचित्र

लाटंबार्से गावची सरस्वती डिचोलीच्या एका हायस्कुलात शिपाईण होती. तिचा नवरा रामचंद्र याचे एकही छायाचित्र घरात नव्हते, ही गोष्ट तो जिवंत असेपर्यंत कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरात काजूच्या बागेतले रान साफ करताना त्याला घोणस चावली. भाषेच्या प्रश्नावरून आंदोलकांनी त्या आठवड्यात रस्त्यांवर झाडे आडवी टाकली होती, त्यामुळे गाडी मिळेना. शेजाऱ्यांनी त्याला खाटेवर घालून चालत नेले. वाटेतच त्याचा प्राण गेला.

पुढच्या मे महिन्यात गोवा राज्य झाले. हायस्कुलातर्फे पेढे वाटण्याचे काम सरस्वतीकडे आले. तिने ते नीट पार पाडले.

मात्र पावसाळा सरता सरता तिला एक भय जडले. चुलीपुढे बसून ती नवऱ्याचा चेहरा आठवू लागे, तर कधी मिशी सापडे, कधी कपाळ. सगळे मिळून माणूस काही होत नसे. तो आपल्या हातून दुसऱ्यांदा जातो आहे, असे तिला वाटे. पण हे सांगायचे कोणाला?

ऑक्टोबरात चित्रकलेची सरकारी परीक्षा आली. मुलांच्या वाट्यांतले गढूळ पाणी बदलणे हे तिचे काम. स्मरणचित्राचा विषय होता, 'बागेत काम करणारी माणसे'. बहुतेकांनी फुलझाडे आणि झारी काढली. लाटंबार्शाचीच गौरवी, नववीतली मुलगी, तिने मात्र काजू मळणारा माणूस काढला होता. जांभ्या दगडात खोदलेली कोळमी, तीत बोंडांचा ढीग, आणि वरची दोरी उजव्या हाताने धरून बोंडे तुडवणारा पुरुष. त्याचा उजवा खांदा पार कानाला टेकला होता आणि मान डावीकडे वळली होती. नाकडोळे नव्हते. चेहऱ्याच्या जागी तपकिरी रंगाचा ठिपका होता.

सरस्वतीच्या हातातला तांब्या कलला तो कललाच. वाटी भरून पाणी बाकावर सांडले.

"हो कोण गो?" परीक्षा संपताच तिने गौरवीला गाठले.

"रामचंद्रमामा न्हय? ल्हान आसताना आमी रोस पियेवपाक येतालीं, तेन्ना तो असोच उबो रावतालो."

सरस्वती धावत कृष्णनाथ मास्तरांकडे गेली. चित्रकलेचे हे मास्तर कागदांचा गठ्ठा बांधत होते.

"मास्तर, त्यातला एक कागद माका दिया."

"का हो सरस्वतीबाई, तुम्हालाही परीक्षेला बसायचे होते? अगोदर पगारपत्रकावर सही करायला शिका. नावाने साक्षात विद्येची देवी, आणि लावता अंगठा!"

ती हसली नाही. "त्यात माझो घोव आसा."

मास्तरांचे हात थांबले. "बाई, हे मुंबईला जाते," ते हळू आवाजात म्हणाले. "परत कोणाचेच येत नाही." मग त्यांनी गठ्ठ्यावर लाखेची मोहोर उठवली. मेणबत्ती धरण्याचे काम शिपायाचे असल्यामुळे ती सरस्वतीनेच धरली.

रविवारी गौरवी कागद, पेन्सिल घेऊन तिच्या घरी आली. या खेपेस तिने चित्राला डोळे आणि मिशी काढली.

"शी गो! हो तर बसीचो कंडक्टर," सरस्वती म्हणाली, आणि दोघीही हसल्या. त्या घरात डिसेंबरापासून कोणी हसले नव्हते.

गौरवीने ते खोडले. दुसरा कागद झाला, तिसरा झाला. "माका येना गो मामी. तो कसो उबो रावतालो, तूंच सांग."

सरस्वतीला सांगता येईना. शेवटी तिने लुगड्याचा काष्टा वर खोचला, ओसरीवरची कपडे वाळवण्याची दोरी उजव्या हाताने धरली, खांदा कानाला लावला, मान डावीकडे वळवली आणि टाच उचलली. "हें अशें."

"हालूं नाका!" म्हणत गौरवी रेघा ओढू लागली.

हाताला मुंग्या आल्या तरी सरस्वती हलली नाही. आत मांजराने भांड्यावरचे झाकण पाडले. डाव्या कानात तो आवाज लख्ख आला, आणि त्या क्षणी तिला उमगले. रामचंद्राला उजव्या कानाने ऐकू येत नसे. बागेतून घर डाव्या अंगाला पडे. घरातून तिने हाक मारली तर ऐकू यावी, म्हणून तो वीस वर्षे मान वळवून काजू मळत होता, आणि ती मात्र "कितें हो भेंड्डो! किती आड्डूं?" असे त्याला बहिरा म्हणून त्याच्यावर चिडत होती.

"मामी, चुकलें गो," गौरवी ओशाळून म्हणाली. "हांवें तूंच काडली." कागदावर काष्टा घातलेली बाई होती. खांदा मात्र त्याचा होता.

"आसूं दी."

"जालें आतां. दोरी सोड."

सरस्वतीने दोरी सोडली नाही. घराकडे कान लावून ती तशीच उभी राहिली. आतून हाक मारायला कोणी नव्हते.