कॅप्टन आत्याचा कोशाचा कोट

युद्धाचा सिनेमा कधीच शेवटपर्यंत पाहू न देणारी बाई म्हणजे आमची कॅप्टन आत्या. जुन्या कृष्णधवल युद्धपटांचं तिला वेड. पण शेवटची लढाई तोंडावर आली की तिचा हात रिमोटवर. "आता कोटाले भोकं पडते," पडद्यावरच्या फौजी कोटांकडे बोट करून एवढंच म्हणायची. कोण जिंकलं, कोण वाचलं, आम्हाला कधी कळलंच नाही. सैन्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. साकोलीत हायवेलगत तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं आणि कॅप्टन ही पदवी गावाने चेष्टेत दिलेली.

चेष्टा व्हायचीच. साध्या पंजाबी ड्रेसला ती खांद्यावर पट्ट्या लावायची, नवरीच्या ब्लाऊजला पितळी बटणांच्या दोन रांगा. "लग्नाले जाऊन राहिली का बॉर्डरवर?" असं गिऱ्हाईकच एकमेकींना विचारायचं, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तिच्याकडेच यायचं. मी तिच्याकडे राहून शिवण शिकत होते. सिनेमात धडाधड गोळीबार सुरू झाला की मी दचकायचे. ती करवादायची, "खांदा पाह्य वं, गोळ्या काहून पाहून राहिली? बाही कशी बसली ते पाह्य!" पडद्यावर माणसं मरताहेत आणि ही बया सिनेमा थांबवून कॉलर कागदावर काढून घेतेय. कपाळावर हात मारून घ्यावा, दुसरं काय!

मग नागपूरच्या एका मोठ्या फॅशन शोसाठी तिचा कोट निवडला गेला. आंधळगावच्या कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, लांब, फौजी धाटणीचा. शोवाले मॉडेल देतो म्हणाले, तर हिने साफ नाही म्हटलं. "जिंदगीभर दुसऱ्याइच्या मापाचं शिवलं. हा माह्या मापाचा हाय, मीच घालीन." आणि नेमकी तेव्हाच तिच्या पोटात गाठ निघाली.

त्यानंतर ती झपाट्याने वाळत गेली. कोट दर खेपेला सैल व्हायचा. मी उसवून बाजू आत घ्यायचे, पुढच्या आठवड्यात परत तेच. कोशाला इतकं उसवणं सोसत नाही, सुईची जुनी भोकं तशीच दिसत राहतात. आत्या भिंत धरून आरशापुढे उभी राहायची.

"खांद्यात कापूस भर."

"आत्या, किती भरू अजून?"

"खांदा पडला का कोट पडला. भर तू."

मी रडत रडत भरायचे. नको तो शो, असं ओरडावंसं वाटे, आणि रोज देवापुढे मागणं मात्र एकच, तेवढ्या दिवसापुरती तिला उभी कर. देवाने काही ऐकलं नाही. शोच्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा आत्याला खाटेवर उठून बसताही येईना. गाडी रिकामी परत गेली.

"सिनेमा लाव," ती म्हणाली. मी कोट तिच्या अंगावर पांघरला आणि सिनेमा लावला. शेवटची लढाई आली. तिचा हात हलला नाही, म्हणून रिमोट मीच दाबला.

"काहून बंद केला वं?"

"कोटाले भोकं पडते, आत्या."

तिने कोटाच्या बाजूवरून, उसवलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "पडले नं आता," ती म्हणाली. "लाव."

मी लावला. त्याच आठवड्यात ती गेली. शोच्या त्या दिवशी सिनेमा शेवटपर्यंत चालला, तरी कोण वाचलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी आत्याचा खांदा पाहत होते.